जर्सी खरी कशावरून?

भारतीय क्रिकेट संघाचा पोशाख पुरवण्याचं काम जून २०२३ मध्ये आदिदासकडे आलं, तेव्हा कंपनीने एकाच निळ्या जर्सीचे तीन प्रकार विक्रीला ठेवले. खेळाडू घालतात तशी जर्सी ४,९९९ रुपयांना, दिसायला तशीच पण साध्या कापडाची २,९९९ रुपयांना आणि नुसता रंग-ढंग सांभाळणारी ९९९ रुपयांना. तिन्ही अधिकृत. याशिवाय वानखेडेच्या बाहेर सामन्याच्या दिवशी काही शेकड्यांत मिळणारी जर्सी होतीच; तिच्यावरही तीन पट्टे होते, बीसीसीआयचं चिन्ह होतं. मोबाइलवर 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी', 'थाई क्वालिटी' अशा नावांनी हजार-बाराशेला विकला जाणारा माल वेगळाच. ४ जुलै २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वविजेत्या संघाच्या स्वागताला मरीन ड्राइव्हवर माणसांचा निळा लोंढा आला. त्या गर्दीत हे सगळे प्रकार असणार, आणि दहा फुटांवरून ते वेगळे ओळखणं कुणालाही जमलं नसतं.

हातात घेतल्यावर तरी ओळखता येतात का? संग्राहक, कंपन्या, लिलावगृहं आणि न्यायालयं, सगळेच गेली पन्नासेक वर्षं या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यांच्या अनुभवातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. जर्सीवरच्या खुणा तिला खोटी ठरवू शकतात. खरी ठरवणं त्यांच्या हातात नाही. खरेपणा ठरतो तो जर्सी कुणाकडून आणि कोणत्या वाटेने आली यावरून. शिलाईचे टाके मोजणाऱ्या चाहत्यांना हे पटायला जड जातं, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

आधी एक गोंधळ दूर करू. 'रेप्लिका' म्हणजे नक्कल, म्हणजे बनावट, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. फुटबॉलमध्ये काय आणि क्रिकेटमध्ये काय, कंपन्या स्वतःच दोन दर्जांच्या जर्सी बनवतात. खेळाडूंसाठीची अंगाला घट्ट बसते, कापड पातळ आणि जाळीदार असतं, आणि चिन्ह बहुधा उष्णतेने चिकटवलेलं असतं, कारण भरतकामाचं चिन्ह जड होतं आणि घामात त्वचेला घासतं. चाहत्यांसाठीची ऐसपैस बेताची असते, तिचं कापड जाडसर आणि टिकाऊ असतं आणि चिन्ह विणलेलं किंवा भरतकामाचं. इथेच खरेदीदार फसतो. भरतकाम दिसलं की माल अस्सल आणि चिकटवलेलं चिन्ह दिसलं की नकली, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात सर्वांत महागड्या अधिकृत जर्सीच्या चिन्हावर बहुधा टाके सापडत नाहीत. उलट 'प्लेअर एडिशन' म्हणून विकल्या जाणाऱ्या जर्सीवर जाड भरतकामाचं चिन्ह असेल, तर तिथेच संशय घ्यावा.

बनावट जर्सी हा तसा अलीकडचा प्रश्न आहे. १९७० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या अनेक क्लबांचे शर्ट साधे, एकरंगी असत. लाल शर्ट कुठल्याही दुकानातून घ्यावा, आईने त्यावर आकडा शिवून द्यावा, की झाला तो लिव्हरपूलचा. लेस्टरच्या अ‍ॅडमिरल कंपनीने हे बदललं. तिने लीड्स युनायटेडशी आणि १९७४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार केला, शर्टावर स्वतःचं चिन्ह आणि खास नक्षी आणली आणि तोच शर्ट मुलांना विकायला सुरुवात केली. नक्षीची नोंदणी झाली आणि ती काढण्याचा हक्क एकाच कंपनीकडे गेला. तिथून पुढे प्रत्येक जर्सीला 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' अशा दोन बाजू आल्या.

आज नक्कल इतकी झटपट होते, त्यामागे सबलिमेशन छपाई आहे. नक्षी आधी खास शाईने कागदावर छापतात. तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबला की शाईची वाफ होते आणि रंग धाग्यातच उतरतो. कंपनीने नवी जर्सी जाहीर केली की तिचा फोटो समोर ठेवून संगणकावर नक्षी काढायला एक रात्र पुरते. या यंत्रांचा बहुतेक वापर प्रामाणिक आहे, हेही सांगायला हवं. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धा, शाळांचे संघ, गणेश मंडळं यांच्या जर्सी याच छपाईवर निघतात. कोल्हापुरात विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिना असे पेठांचे दोन तट पडतात. ही हौस प्रत्येकाने कंपनीच्या किमतीत भागवायची म्हटली, तर निम्मं कोल्हापूर घरीच बसेल.

छपाई समजली की एक खूण हाती लागते. स्वस्त सबलिमेशनमध्ये रंग वरच्या बाजूला बसतो आणि आतून कापड पांढरट राहतं. शिवणीजवळ कापड ताणलं की सुईच्या रेषेत पांढरं डोकावतं. रंगीत धाग्याने विणलेलं कापड आतूनही रंगीत असतं आणि त्यातली नक्षी बोटाला जाणवते. मात्र अधिकृत जर्सींमध्येही काही नक्षी सबलिमेशननेच काढतात, त्यामुळे आतला पांढरेपणा दिसला की लगेच निकाल देऊ नये. कंपनीच्या फोटोत जिथे विणीची नक्षी दिसते तिथे हातातल्या जर्सीवर छपाई निघाली, तर मात्र ती गेली.

लेबलवरचा वस्तुक्रमांक ही त्याहून उपयोगी खूण आहे. आदिदासच्या जर्सीच्या आत लहानशा पट्टीवर अक्षरं आणि अंक मिळून हा क्रमांक असतो; नाइकीच्या जर्सीवर सहा आणि तीन अशा दोन गटांत. तो इंटरनेटवर शोधला की तीच जर्सी, त्याच रंगात, त्याच हंगामाची दिसायला हवी. बनावट माल बनवणारे पुष्कळदा एकच लेबल हजारो कपड्यांना लावतात, म्हणून निळ्या भारतीय जर्सीचा क्रमांक शोधावा आणि समोर एखाद्या युरोपीय क्लबची अर्धी चड्डी यावी, असं होतं. क्रमांक चुकीचा निघाला तर जर्सी शंभर टक्के खोटी. तो बरोबर निघाला तर एवढंच कळतं की नकलाकाराने खऱ्या लेबलचा फोटो नीट पाहिला आहे. होलोग्राम आणि क्यूआर कोड यांचीही हीच गत. कोड उघडल्यावर जे संकेतस्थळ येतं तेच नकलाकाराचं असू शकतं.

नाव आणि आकड्यांचे ठसे पाहावेत. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सगळ्या क्लबांसाठी एकच ठरलेली अक्षरशैली आहे आणि प्रत्येक आकड्याच्या तळाशी लीगचं छोटं चिन्ह असतं. नकलांमध्ये ते पुसट येतं, किंवा नसतंच. 'मेड इन थायलंड' किंवा 'मेड इन इंडिया' यावरून काहीच ठरत नाही. अधिकृत माल आशियातल्या अनेक देशांत शिवला जातो. 'त्याच फॅक्टरीतला एक्स्पोर्ट सरप्लस' हे वाक्य तर प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतं. ते तपासायचा मार्ग गिऱ्हाइकाकडे नाही. आणि माल खरोखरच त्या फॅक्टरीतला असला, तरी परवान्याबाहेर विकलेली जर्सी अधिकृत होत नाही.

जुन्या क्रिकेट जर्सींच्या बाबतीत लेबलपेक्षा इतिहास जास्त कामाला येतो, आणि ही तपासणी मराठी वाचकाला घरबसल्या जमण्यासारखी आहे. बाजारात '१९८३ वर्ल्ड कप' असं लिहिलेल्या निळ्या जर्सी मिळतात. १९८३ च्या विश्वचषकात कपिल देवचा संघ पांढऱ्या कपड्यांत खेळला. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना लाल चेंडूने आणि पांढऱ्या पोशाखात झाला. त्यामुळे त्या वर्षाची निळी जर्सी ही नक्कलसुद्धा नव्हे. जिची नक्कल करायची अशी वस्तूच कधी नव्हती. विश्वचषकात रंगीत कपडे १९९२ मध्ये आले. त्या वर्षीची भारताची जर्सी गडद निळी होती, खांद्यावर रंगीत पट्टे होते आणि पाठीवर खेळाडूचं नाव होतं. आकडा नव्हता. विश्वचषकात पाठीवर आकडे आले ते १९९९ साली. तेव्हा १९९२ ची म्हणून दाखवलेल्या जर्सीवर तेंडुलकरच्या नावाखाली १० दिसला, तर ती कुणीतरी नंतर आठवणीवरून रचलेली आहे. घालायला हरकत नाही, पण त्या काळातली म्हणून पैसे मोजू नयेत.

प्रायोजकांचा क्रमही कॅलेंडरसारखा वापरता येतो. छातीवर २००० च्या दशकात आणि २०१३ पर्यंत सहारा, मग स्टार, २०१७ पासून ओप्पो, २०१९ पासून बायजूज, २०२३ पासून ड्रीम इलेव्हन. पोशाख बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये २००६ पासून २०२० पर्यंत नाइकी, मग एमपीएल, २०२३ च्या सुरुवातीचे काही महिने किलर आणि मग आदिदास. नाइकीचं चिन्ह आणि बायजूज एकत्र दिसले तर ती जर्सी २०१९-२० मधली असणार. नाइकी आणि ड्रीम इलेव्हन एकत्र दिसले तर ती कधी अस्तित्वातच नव्हती. आयसीसीच्या स्पर्धांमध्ये छातीवर देशाचं नाव असतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. म्हणून '२०११ च्या फायनलची' म्हणून दाखवलेल्या जर्सीच्या छातीवर ठळक 'सहारा' असेल, तर ती त्या सामन्याची नाही. २०२३ च्या विश्वचषकासाठी आदिदासने खांद्यावरचे तीन पांढरे पट्टे काढून तिरंगी केले आणि चिन्हावर १९८३ व २०११ च्या विजयांचे दोन तारे ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाल्यावर ड्रीम इलेव्हन बाहेर पडलं आणि सप्टेंबरमधला आशिया चषक भारत मुख्य प्रायोजकाविना खेळला. त्याच महिन्यात अपोलो टायर्सशी करार झाला. प्रायोजकाविना असलेली ती जर्सी काही वर्षांनी संग्राहक शोधत येतील, आणि नकलाकारही.

दर्जावरून खरेपणा ठरवायचा हा हट्ट सोडावा, असं मी म्हणतो त्याला अमेरिकेतलं एक ताजं उदाहरण आहे. मेजर लीग बेसबॉलच्या संघांना २०२४ च्या हंगामात नाइकीने आखलेले आणि फॅनॅटिक्सने शिवलेले नवे पोशाख मिळाले. पाठीवरची नावं लहान होती, घामाने रंग उतरलेला दिसत होता, पँट इतक्या पातळ होत्या की आत खोचलेला शर्ट बाहेरून दिसे. खेळाडूंनी जाहीर तक्रारी केल्या आणि पुढच्या हंगामासाठी बदल करावे लागले. म्हणजे मैदानावर, खेळाडूच्या अंगावर, संपूर्ण अधिकृत कपडा होता आणि शिलाईच्या कसोटीवर एखाद्या परीक्षकाने तो सहज नापास केला असता.

याहून मोठं उदाहरण फुटबॉलचं आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यात विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत झाली. अर्जेंटिनाला निळ्या रंगाची दुसरी जर्सी घालायची होती आणि प्रशिक्षक कार्लोस बिलार्डो यांना ती दुपारच्या उन्हात फार जड वाटत होती. त्यांनी माणूस शहरात पाठवला. त्याने दुकानातून ल कॉक स्पोर्टिफचे हलके निळे शर्ट आणले, त्यांवर संघाचं चिन्ह घाईघाईने शिवण्यात आलं आणि पाठीवर चकाकणारे रुपेरी आकडे इस्त्रीने चिकटवण्यात आले. त्याच शर्टात मॅराडोनाने हाताने एक गोल केला आणि दुसरा अर्धं मैदान एकट्याने पार करून. आजच्या कुठल्याही तपासणी यादीवर तो शर्ट ठेवून पाहा: दुकानातून घेतलेला, चिन्ह नंतर शिवलेलं, आकडे भलत्याच शैलीचे. तरीही तो खराच आहे.

सामन्यानंतर तो इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज यांनी अदलाबदलीत घेतला आणि पुढे अनेक वर्षं तो मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होता. २०२२ मध्ये सोदबीज या लिलावगृहाने लिलाव जाहीर केला, तेव्हा मॅराडोनाच्या मुलीने आक्षेप घेतला: हा शर्ट पूर्वार्धातला आहे, गोल झाले ते उत्तरार्धात. लिलावगृहाने सामन्याच्या छायाचित्रांशी शर्ट ताडून पाहिला. घाईत केलेलं कामच इथे मदतीला आलं. प्रत्येक शर्टावर चिन्ह थोडं वेगळ्या जागी बसलं होतं आणि आकड्यांच्या कडा वेगळ्या होत्या, त्यामुळे नेमका कोणता शर्ट कोणत्या फोटोत आहे हे सांगता आलं. मे २०२२ मध्ये तो सुमारे ७१ लाख पौंडांना गेला.

खेळाडूने प्रत्यक्ष वापरलेल्या जर्सीसाठी ही फोटो-जुळणी आता जगभर मुख्य पुरावा मानली जाते. शिवणीशी पट्ट्यांची होणारी जुळणी, आकड्याचा कलता कोपरा, डाग, रफू या खुणा कापडागणिक निराळ्या असतात. बेसबॉलपटू बेब रूथची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना गेली होती. जुन्या छायाचित्रांशी तिची जुळणी झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये तिला २ कोटी ४१ लाख डॉलर मिळाले. बाजार मधल्या काळात फुगला होता हे खरं, पण पुराव्याशिवाय एवढी उडी झाली नसती. अमेरिकेत एफबीआयने बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्यानंतर बेसबॉल लीगने २००१ पासून स्वतःची व्यवस्था उभी केली. लीगचे साक्षीदार मैदानावर हजर असतात आणि समोर घडलेल्या गोष्टीवरच क्रमांकित होलोग्राम लावतात. न पाहिलेल्या वस्तूला ते प्रमाणपत्र देत नाहीत. क्रिकेटमध्ये अशी शिस्त दिसत नाही, आणि चौकटीत मढवलेल्या सह्यांच्या जर्सींची घरोघरी हौस असलेल्या आपल्या देशाला तिची फार गरज आहे. तोवर निदान भिंग घ्या: छापील सही बारीक ठिपक्यांची दिसते, पेनची सही कापडाच्या विणीत झिरपते आणि वळणावर शाई कमी-जास्त होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतात ट्रेड मार्क्स कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटं व्यापारचिन्ह लावणं आणि तसा माल विकणं, दोन्ही गुन्हे आहेत: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. 'ही डुप्लिकेट आहे' असं विक्रेत्याने आधीच सांगितलं तर? लंडनमध्ये मॅथ्यू रीड नावाचे गृहस्थ १९७० पासून आर्सेनलच्या मैदानाबाहेर क्लबच्या चिन्हांचा माल विकत होते आणि तो अनधिकृत असल्याची पाटीही लावत. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २००२ मध्ये तिथे आणि २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयात निकाल क्लबच्या बाजूने लागला. पाटी बचाव ठरली नाही. पण त्याच २००३ साली ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने रेप्लिका शर्टांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. दंड भरणाऱ्यांत उम्ब्रो, जेजेबी स्पोर्ट्स आणि खुद्द मँचेस्टर युनायटेड होतं. अधिकृत किंमत नेहमीच न्याय्य असते असं मानायचं कारण नाही.

माझं मत या दोन निकालांच्या मध्ये कुठेतरी आहे. वानखेडेबाहेर अडीच-तीनशेची जर्सी घेणाऱ्या पोराला कुणी फसवलेलं नसतं. त्याला काय मिळतंय हे ठाऊक असतं आणि पाच हजारांची जर्सी तो घेणारच नव्हता. तिथे कंपनीने आपल्या ९९९ च्या जर्सीची किंमत आणि उपलब्धता सुधारावी. तालुक्याच्या गावी ती दुकानात मिळतच नसेल तर चाहत्याला दोष देऊन काय होणार? खरा अपराध मधल्या पायरीवर होतो: 'ओरिजिनल, सेलमध्ये' म्हणून दीड-दोन हजारांना विकलेली नक्कल. त्यात कंपनीचं नुकसान होतं, आणि पगारातून बाजूला काढलेल्या पैशांतून मुलाच्या वाढदिवसाला जर्सी घेणाऱ्या माणसाचं त्याहून जास्त. संताप यावा तो या विक्रीचा.

म्हणून घेताना जर्सी उलटीसुलटी करण्याआधी विक्रेता पाहा. कंपनीचं दुकान, कंपनीचं किंवा क्लबचं संकेतस्थळ, किंवा पक्कं बिल देणारा अधिकृत विक्रेता यांच्याकडून घेतलेल्या जर्सीची शिवण तपासायची वेळ सहसा येत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारात माल बहुतेक वेळा त्या बाजाराचा नसतो, तिऱ्हाइताचा असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे, तो मजकूर वाचा. चालू हंगामाची खेळाडू आवृत्ती निम्म्याहून कमी किमतीत दिसली तर पुढे जाऊ नका. जुनी जर्सी घेत असाल तर आधीच्या मालकाकडे बिल, फोटो, पत्र असं काही आहे का ते विचारा. बिल आणि पाकिटावरच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. आणि खरी म्हणून खोटी गळ्यात मारली गेली, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीत तक्रार नोंदवता येते.